घोड्याची चाल ओळखायला शिकताना

मराठीत ‘घोड्याची चाल’ म्हटले की बहुतेकांना बुद्धिबळाच्या पटावरची अडीच घरे आठवतात, आणि खऱ्या घोड्याबद्दल बोलायची वेळ आली की आपला शब्दसंग्रह चालणे, धावणे आणि उधळणे या तीन क्रियापदांत संपतो. ज्यांनी नुकतीच घोडेस्वारी शिकायला सुरुवात केली आहे, ज्यांना घोडा विकत घ्यायचा आहे किंवा ज्यांना वारीतले रिंगण आणि रेसकोर्सवरच्या शर्यती अधिक जाणतेपणाने पाहायच्या आहेत, अशा नवख्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरावी, ती म्हणजे चाल आणि वेग एक नव्हेत. चार पाय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जोडीने जमिनीवर पडतात यावरून चाल ठरते. जोरात दुडकणारा घोडा संथ दौडणाऱ्या घोड्याला सहज मागे टाकू शकतो, तरीही दोघांच्या चाली वेगळ्याच राहतात. ‘भरधाव’ हा आपला लाडका शब्द वेग सांगतो. घोडा पाय कसे टाकतो आहे याविषयी त्यातून काहीच कळत नाही.

पहिली पायरी : डोळे मिटून ऐकावे

नवशिका माणूस घोड्याच्या पायांकडे टक लावून पाहतो आणि गोंधळतो, कारण चार पाय एकाच वेळी नजरेत धरणे सरावाशिवाय जमत नाही. कानाला मात्र हे काम सोपे जाते. गाण्याच्या स्वररचनेलाही मराठीत चालच म्हणतात, आणि घोड्याची चाल गाण्याच्या चालीसारखी आधी कानाने धरावी असे माझे मत आहे. नाल मारलेला घोडा डांबरी रस्त्यावरून किंवा फरसबंदीवरून जात असताना बाजूला उभे राहून डोळे मिटावेत आणि पायांचे एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत किती ठोके पडतात ते मोजावे. चार सारख्या अंतराचे ठोके ऐकू आले तर घोडा पावलाने चालला आहे. दोन ठोके, म्हणजे ‘टप-टप, टप-टप’ असा घड्याळासारखा ताल आला तर ती दुडकी. तीन ठोके आणि मग क्षणभर शांतता, असा ताल आला तर ती दौड. लहान मुले घोडा-घोडा खेळताना ‘टबडक टबडक’ म्हणतात, तो नेमका या तीन ठोक्यांच्या दौडीचा ताल आहे. हा शब्द मोठ्याने म्हणून पाहिला तर ‘ट’, ‘ब’ आणि ‘डक’ हे तीन आघात आणि शेवटच्या आघातानंतरचा विसावा स्वतःच्याच तोंडी ऐकू येतो. तालाचे ठोके बोटांनी टेबलावर वाजवून पाहावेत, कारण हाताला एकदा ताल बसला की पुढे कान चुकत नाही.

मऊ मातीवर किंवा वाळूवर आवाज दबतो, तेव्हा कानाच्या जोडीला डोळे वापरावे लागतात. त्यासाठी घोड्याच्या बाजूला, पंधरा-वीस पावले अंतर राखून उभे राहावे. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही, त्यामुळे त्याच्या मागे उभे राहणे धोक्याचे आहे, आणि तिथून पायांचा क्रमही नीट कळत नाही.

दुसरी पायरी : पावलाची चाल

सर्वांत संथ चालीला मराठीत नुसते ‘चालणे’ किंवा ‘पावलाने चालणे’ म्हणावे. मेळ्यांत आणि तबेल्यांत ‘कदम’ किंवा ‘कदमचाल’ हे शब्दही कानी पडतात. पायांचा क्रम मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा असतो आणि चारही पाय वेगवेगळे पडतात. कोणत्याही क्षणी दोन किंवा तीन पाय जमिनीवर टेकलेले असतात, त्यामुळे घोडा हवेत असा कधीच नसतो. पावलागणिक घोड्याची मान पुढे-मागे डोलते. वेग साधारणपणे ताशी ६ ते ७ किलोमीटर असतो, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून थोडासाच अधिक. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांच्या घोड्यांवर संसार लादलेला असतो, ती घोडी दिवसचे दिवस याच चालीने जातात.

चांगली पावलाची चाल ओळखण्याची सोपी खूण धुळीत सापडते. मोकळेपणाने चालणाऱ्या घोड्याचा मागचा खूर त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. मागचा खूर बराच अलीकडे पडत असेल तर घोडा आखडलेला, थकलेला किंवा कुठेतरी दुखावलेला असण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी : दुडकी

दुडकी ही नवख्याने सर्वांत जास्त वेळ देऊन शिकावी अशी चाल आहे, कारण स्वाराची मांड इथे कसाला लागते आणि घोड्याची खोडही इथेच उघडी पडते. तिला उत्तरेकडचे व्यापारी ‘दुलकी’ म्हणतात आणि रायडिंग क्लबात ‘ट्रॉट’ म्हणतात. तिन्ही शब्द एकाच चालीचे आहेत. या चालीत कर्णरेषेवरचे दोन पाय एकत्र उचलले जातात आणि एकत्र पडतात : मागचा डावा पुढच्या उजव्यासोबत आणि मागचा उजवा पुढच्या डाव्यासोबत. एक जोडी उचलली गेल्यावर आणि दुसरी टेकण्यापूर्वी घोडा क्षणभर चारही पायांनी हवेत असतो, आणि स्वाराला जो हिसका बसतो तो याच क्षणानंतर बसतो. वेग सहसा ताशी १३ ते १६ किलोमीटरच्या आसपास असतो. टांग्याचा घोडा रस्त्याने जायचा तो याच चालीने, कारण या चालीत ओढ सारखी राहते आणि घोडा लांबपर्यंत टिकतो.

हिसके टाळण्यासाठी स्वार एका ठोक्याला खोगिरावरून किंचित उठतो आणि दुसऱ्या ठोक्याला बसतो. पुष्कळ नवशिके रिकिबीवर, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यावर, जोर देऊन ताठ उभे राहतात आणि मग धपकन बसतात, त्याने घोड्याच्या पाठीला त्रास होतो आणि स्वतःलाही. उठणे हे गुडघ्यांतून आणि मांड्यांतून, घोड्याच्या हालचालीने जेवढे वर ढकलले तेवढेच असावे. वर्तुळात फिरताना बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जातो तेव्हा उठावे आणि तो मागे येतो तेव्हा बसावे, असा नियम आहे. तो पाळल्याने आतला मागचा पाय हवेतून पुढे येत असताना स्वार उठलेला असतो, आणि तो पाय मोकळेपणाने पुढे पडतो. सुरुवातीला खांद्याकडे पाहावे लागते, पण काही दिवसांनी खाली न पाहताही मांडीला ते कळू लागते.

घोडा लंगडतो की नाही हे पाहायचे असेल तेव्हा पशुवैद्यक त्याला दुडकीनेच चालवायला सांगतात. त्यामागचे कारण सरळ आहे. या चालीत घोड्याचे डोके जवळजवळ स्थिर असते आणि दोन्ही बाजूंचा ताल अगदी सारखा असतो, म्हणून थोडीही विषमता चटकन नजरेत भरते. पुढच्या पायाला दुखापत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली येते. मागच्या पायाची तक्रार असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे कंबरेमागचा भाग, दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वर-खाली होतो. ही तपासणी कठीण, सपाट जमिनीवर, घोडा सरळ दूर नेऊन आणि सरळ परत आणून करावी, आणि दोर सैल ठेवायला सांगावा. विकणारा माणूस दोर अगदी तोंडाशी घट्ट धरून पळू लागला किंवा घोडा केवळ मऊ वाळूवरच दाखवू लागला, तर सावध व्हावे, कारण घट्ट धरलेले डोके डोलू शकत नाही आणि वाळूवर दुखरा पाय कमी बोलतो.

चौथी पायरी : दौड, आणि कोणता पाय पुढे

तीन ठोक्यांच्या चालीला मराठीत सर्वमान्य असा एकच शब्द नाही. क्लबात ‘कँटर’ म्हणतात, आणि मी ‘दौड’ हा शब्द पसंत करतो, कारण ‘घोडदौड’ आपल्या भाषेत आधीच रुळलेला आहे. इंग्रजीतल्या नावाची गोष्टही आपल्याला जवळची वाटेल अशी आहे : इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या यात्रेला जाणारे भाविक घोड्यावरून ज्या बेताच्या वेगाने जात, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे एका वारीनेच या चालीला नाव दिले आहे.

दौडीत आधी एक मागचा पाय एकटा टेकतो, मग दुसरा मागचा पाय आणि त्याच्या कर्णावरचा पुढचा पाय एकत्र टेकतात, आणि शेवटी उरलेला पुढचा पाय एकटा टेकतो. त्यानंतर घोडा क्षणभर हवेत असतो. हा शेवटचा पाय सर्वांत पुढे झेपावलेला दिसतो, आणि तो डावा असेल तर घोडा डाव्या पायावर दौडतो आहे असे म्हणतात. डाव्या वर्तुळात डावा आणि उजव्या वर्तुळात उजवा पाय पुढे असावा लागतो, कारण वळणाच्या आतल्या बाजूचा पाय पुढे असला की तोल राहतो. चुकीच्या पायावर दौडणारा घोडा वळणावर कुबडल्यासारखा वाटतो आणि स्वाराला बाहेर फेकल्यासारखे होते. दौड सुरू होण्याचा क्षणही ओळखायला शिकावा, कारण ती बाहेरच्या मागच्या पायापासून सुरू होते. म्हणूनच प्रशिक्षक बाहेरच्या टाचेचा इशारा किंचित मागे द्यायला सांगतात.

दौडीचा वेग ताशी १६ ते २७ किलोमीटर या टप्प्यात असतो. दुडकीचे हिसके सोसलेल्या नवशिक्याला दौड पाळण्यासारखी वाटते, आणि त्यामुळे तो फार लवकर तिच्या मागे लागतो. दुडकीत लगाम न ओढता, रिकिबी सोडून बसता येत नसेल तर दौडीची घाई करू नये, कारण घाबरलेला माणूस टाचा आवळतो आणि घोड्याला तो वेग वाढवण्याचा हुकूम वाटतो.

आणखी एक खूण कानाची आहे. दौडीत आणि त्यापुढच्या चौखूर चालीत घोड्याचा श्वास पावलांशी बांधला जातो, म्हणजे पायांच्या एका आवर्तनाला एकच श्वास होतो. नाकपुड्यांतून येणारा तो लयबद्ध ‘फुर्र’ आवाज स्वाराला स्पष्ट ऐकू येतो.

पाचवी पायरी : चौखूर

घोडा आणखी जोराने पळू लागला की दौडीतली ती कर्णरेषेवरची जोडी फुटते, मागचा पाय पुढच्याच्या आधी टेकतो आणि तिनाचे चार ठोके होतात. या चालीला ‘चौखूर’ हा आपला जुना शब्द इतका चपखल बसतो की त्यासाठी दुसरा शोधू नये. चार ठोके पावलाच्या चालीतही असतात, पण तिथे ते सारख्या अंतराने पडतात. इथे ते एकमेकांना चिकटून, ‘तडतडतड-तड’ असे पडतात आणि मग घोडा हवेत असतो. साधारण घोडा ताशी ४० ते ४८ किलोमीटर वेगाने चौखूर धावतो. शर्यतीचे घोडे ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातात, आणि २००८ मध्ये अमेरिकेत एका घोडीने आखूड अंतरावर नोंदवलेला ताशी ७०.७६ किलोमीटर हा वेग विक्रम म्हणून मानला जातो.

हवेत असताना घोड्याचे पाय कुठे असतात, हे माणसाला हजारो वर्षे घोडा वापरूनही माहीत नव्हते. चित्रकार पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेला घोडा रंगवत आले. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात रेल्वे उद्योजक लेलँड स्टॅनफर्ड यांच्या पदरी काम करणारे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीकडेला १२ कॅमेरे ओळीने लावले आणि सॅली गार्डनर नावाची घोडी त्यांच्यासमोरून चौखूर पळवली. छायाचित्रांत दिसले ते उलटेच होते : चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पसरलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. आजही कॅलेंडरांवर पाय ताणून उडणारे घोडे छापले जातात, त्यांच्यावरून चाल शिकू नये.

मराठी माणसाला चौखूर चाल पाहण्याची उत्तम जागा म्हणजे आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी सोहळ्यातले गोल रिंगण. तिथे स्वाराचा अश्व आणि बिनस्वाराचा माउलींचा अश्व वारकऱ्यांच्या कड्यातून धावतात. घोडा निघताना दौडीचे तीन ठोके, वेग घेतल्यावर फुटलेले चार ठोके आणि वळणभर आतला पाय पुढे, हे सगळे एकाच फेरीत पाहायला मिळते. गर्दीच्या गजरात टापा ऐकू येत नाहीत, म्हणून चित्रफीत काढून ती सावकाश गतीने पाहावी. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात शर्यतींच्या मोसमात तीच चाल सरळ पट्ट्यावर दिसते. शेवटच्या टप्प्यात थकलेला घोडा पुढचा पाय बदलतो तो क्षण टिपण्याचा सराव तिथे करता येतो.

घोडा एका चालीतून दुसऱ्या चालीत केव्हा जातो, हा प्रश्न नवख्याला पडायलाच हवा. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान घोड्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजला गेला. प्रत्येक चालीत एक असा वेग सापडला जिथे तेवढ्याच अंतराला सर्वांत कमी शक्ती लागते, आणि मोकळे सोडलेले घोडे त्याच वेगांच्या आसपास राहत होते. म्हणून घोड्याला दुडकी आणि दौड यांच्या मधल्या अवघड वेगात कोंबून ठेवू नये. तो तिथे लवकर थकतो.

सहावी पायरी : रेवाल, आणि शब्दांचा गोंधळ

इथवरच्या चार चाली जवळजवळ सगळ्याच घोड्यांना जन्मतः येतात. रेवाल मात्र सगळ्यांना येत नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत आढळणाऱ्या या चालीला कोणी ‘रवाल’ही म्हणतात. तिच्यात एका बाजूचे मागचा-पुढचा पाय लागोपाठ पडतात, चारही ठोके वेगळे ऐकू येतात आणि एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो. हवेत जाण्याचा क्षणच नसल्यामुळे स्वाराला हिसका बसत नाही आणि दुडकीच्या वेगाने जातानाही तो खोगिरावर निवांत बसून राहतो. लांबच्या प्रवासात पूर्वी अशा घोड्याला मोठी किंमत येई, त्यात नवल नाही. आइसलँडच्या घोड्यांची ‘टोल्ट’ ही चाल याच कुळातली आहे. तिथले स्वार बिअरचा भरलेला पेला हातात धरून ती मिरवतात. २०१२ मध्ये स्वीडिश संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात घोड्यांतली अशा वेगळ्या चालींची क्षमता एका जनुकातल्या बदलाशी जोडली गेली, म्हणजे शिकवण्याआधी तिचे मूळ घोड्याच्या रक्तात असावे लागते.

रेवालची गल्लत एका बाजूचे दोन्ही पाय अगदी एकत्र टाकण्याच्या चालीशी होते. तशा चालीत ठोके दोनच पडतात आणि शरीर डावी-उजवीकडे झुलते. उंट याच चालीने चालतो, आणि अमेरिकेत गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतींत या चालीचे घोडे धावतात. दुडकीतही ठोके दोनच असल्यामुळे इथे कान फसतो. तेव्हा बाजूने पाहावे : पोटाखाली पाय कात्रीसारखे ओलांडताना दिसले तर ती दुडकी, आणि एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र पुढे गेले तर ती ही दुसरी चाल.

शब्दांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. ‘कदम’ हा शब्द कोणी पावलाच्या चालीला वापरतो, तर ‘कदमबाज’ घोडा म्हणताना शिकवलेली, हिसका न देणारी चाल अभिप्रेत असते, त्यामुळे बोलणाऱ्याला काय म्हणायचे आहे हे घोडा चालवून दाखवायला सांगूनच पक्के करावे. ‘सरपट’ हा हिंदीतला शब्द चौखुरासाठी येतो. लग्नाच्या वरातीत नाचणारा घोडा जे करतो ती चाल नसून शिकवलेली कसरत आहे, आणि तिच्यावरून घोड्याची किंमत ठरवणे मला पटत नाही. संस्कृतात घोड्याच्या पाच गतींना ‘धारा’ म्हणत. अमरकोशात आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत ही त्यांची नावे दिली आहेत. त्यांची आजच्या चालींशी एकास एक जोडी लावण्याचा मोह टाळावा. ‘वल्गित’ मात्र आपल्याकडे वेगळ्या रूपाने शिल्लक आहे, कारण बढाया मारणाऱ्याची ‘वल्गना’ही उड्या मारण्याच्या त्याच धातूपासून आली आहे.

सातवी पायरी : प्रत्यक्ष सराव

मोबाइलवर मंद गतीचे चित्रीकरण करता येते, त्याचा पुरेपूर उपयोग करावा. चित्रफीत एकेक चौकट पुढे सरकवत फक्त एक मागचा पाय धरावा, तो टेकला की थांबावे आणि त्याच क्षणी आणखी कोणता पाय टेकलेला आहे ते पाहावे. कर्णावरचा टेकला असेल तर दुडकी, त्याच बाजूचा असेल तर उंटाची चाल, एकही नसेल तर दौड किंवा चौखूर असण्याचा संभव. एवढ्या एका प्रश्नावर निम्मे काम होते. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे घोडे दिवसभर रस्त्यावर असतात आणि पावलाची चाल व दुडकी शेजारी शेजारी ऐकायला मिळते.

रेवाल पाहायची असेल तर नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून भरणाऱ्या यात्रेत जावे. तिथे घोडेबाजारात देशभरातून घोडे येतात आणि व्यापारी गिऱ्हाइकासमोर घोडा पळवून दाखवतात. नवख्या गिऱ्हाइकाला बहुधा आधी सर्वांत झगमगती चाल दाखवली जाते. तेव्हा दोर सैल सोडून आधी पावलाने, मग कठीण जमिनीवर दुडकीने, आणि रेवाल सर्वांत शेवटी दाखवा, असे नम्रपणे पण ठामपणे सांगावे, आणि पहिल्या दोन चाली पाहून होईपर्यंत किमतीचा विषय काढू नये.